दोन जवळजवळ सारखे गडद रंग, निवडायचा कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेडकार्डवर दोन्ही रंग सारखेच दिसतात. मग कुठलाही लावला तर काय बिघडलं?

शेडकार्डवर सारखे दिसतात, भिंतीवर दिसणार नाहीत. अशा बहुतेक गडद रंगांचं मूळ अंग काळं किंवा गडद राखाडी असतं. त्यात निळा, हिरवा, जांभळा, लाल किंवा तपकिरी अगदी थोडा मिसळलेला असतो आणि सगळा फरक त्या थोड्यानेच पडतो. दोन-तीन सेंटीमीटरच्या चौकोनावर, भोवती पांढरा कागद असताना, डोळ्याला ‘काळपट’ एवढंच कळतं. तोच रंग दहा-बारा चौरस मीटरवर पसरला आणि खिडकीतला उजेड त्यावर तिरका पडला की दडलेली झाक वर येते. एकच भिंत खिडकीजवळ निळसर, मध्ये राखाडी आणि कोपऱ्यात काळी दिसते. त्यामुळे जास्त गडद कोणता हा प्रश्न मागाहून येतो. आधी ठरवायचं ते हे की कुठली झाक रोज डोळ्यांसमोर असलेली चालेल.

रंगाची झाक ओळखायची कशी?

आधी दोन्ही नमुने मध्ये पांढरी फट न ठेवता एकमेकांना चिकटवून उजेडात धरा. एक निळसर वाटला की दुसरा आपोआप मातकट वाटू लागतो. ही झाली तुलनेतली झाक. ती खरी किती हे तपासायला प्रत्येक नमुना वेगवेगळा, शुद्ध काळ्या कागदाशेजारी ठेवून बघा. ज्याला आपण ‘काळाच’ म्हणत होतो तो काळ्याशेजारी हिरवट किंवा जांभळट निघतो. पांढऱ्याशेजारी मात्र गडद रंगाची झाक दबते, कारण डोळा तेव्हा फक्त उजळ-काळोख एवढाच फरक मोजत असतो.

त्यानंतर दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनवर बनवलेल्या डब्याचं लेबल वाचा. त्यावर कुठलं रंगद्रव्य किती घातलं ते कोडमध्ये लिहिलेलं असतं. कोडचा अर्थ दुकानदाराला विचारा. काळ्यानंतर सगळ्यात जास्त प्रमाण निळ्याचं असेल तर रंग थंडीकडे झुकणार. पिवळा ऑक्साइड आणि काळा यांची जोडी असेल तर हिरवट झाक येते, लाल ऑक्साइड असेल तर तपकिरी. जांभळा किंवा मॅजेंटा दिसला तर संध्याकाळच्या दिव्यात तो डोके वर काढेल, हे गृहीत धरा.

सगळ्यात खात्रीची परीक्षा पांढऱ्यातली. एका झाकणात पांढऱ्या इमल्शनचे दहा चमचे घ्या आणि त्यात गडद रंगाचा एक चमचा घाला. ढवळताना आधी काळ्या रेघा फिरतात, मग त्या विरघळतात आणि मिश्रण राखाडी होत जातं. दुसऱ्या झाकणात दुसरा रंग, तेच प्रमाण. दोन्हींचे फटकारे कागदावर शेजारी ओढा आणि सुकू द्या. आतापर्यंत जुळे वाटणारे रंग इथे वेगळे होतात: एक पावसाळी ढगासारखा निळसर, दुसरा ओल्या शेवाळासारखा हिरवट. भर उजेडात भिंत याच दिशेने झुकणार.

दोन्ही रंगांचा एलआरव्ही दिलेला आहे. त्यावरून निवड करता येईल का?

थोडी मदत होते. पडलेल्या उजेडापैकी किती टक्के उजेड रंग परत फेकतो तो आकडा म्हणजे एलआरव्ही. मोजपट्टी ० ते १०० असली तरी काळ्यात काळा पेंट साधारण ३ ते ५ च्या आसपास असतो आणि स्वच्छ पांढरा ८५ ते ९० च्या आसपास. गडद म्हणून निवडले जाणारे बहुतेक रंग १० च्या खालचे.

गडद रंगांत छोटा आकडाही मोठा असतो, हे मात्र लक्षात ठेवा. डोळ्याला जाणवणारा उजळपणा मोजायची वेगळी मोजपट्टी आहे, तिला एल-स्टार म्हणतात. तीही ० ते १००. एलआरव्ही ५ आणि ८ हे रंग तिच्यावर सुमारे २७ आणि ३४ वर येतात, म्हणजे सात अंकांचा फरक. तेवढ्याच तीन अंकांचा फरक मधल्या रंगांत, समजा ५० आणि ५३ मध्ये असेल, तर तो एल-स्टारवर जेमतेम दोन अंकांचा भरतो. म्हणून फिक्या रंगांचा अंदाज गडद रंगांना लावू नका. आमचा हिशेब असा: गडद रंगांत एलआरव्हीचा फरक एकापेक्षा कमी असेल तर आकडा विसरा आणि झाकेवर ठरवा. फरक दोन-तीनचा असेल तर एक भिंत स्पष्टपणे काळोखी आणि दुसरी निवळलेली दिसेल. झाकेबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. एलआरव्ही ६ चा गडद निळा आणि ६ चा गडद तपकिरी कागदावर बरोबरीचे असतात.

नमुना भिंतीवर रंगवायचा की पुठ्ठ्यावर?

पुठ्ठ्यावर. ए-३ आकाराचा पांढरा जाड पुठ्ठा प्रत्येक रंगाला एक घ्या, शक्य असेल तर दोन. रोलरनेच रंगवा, कारण ब्रशच्या रेघांच्या बारीक सावल्यांनी रंग बदललेला वाटतो. पूर्ण दोन हात द्या, मध्ये निदान चार तास सोडा. पुठ्ठा खालून डोकावत असेल तर तिसराही हात द्या. कडेची पांढरी किनार कात्रीने कापून टाका. ती राहिली तर रंग आहे त्याहून गडद वाटतो.

भिंतीवर थेट पट्टा मारण्यात दोन तोटे आहेत. जुना रंग चहूबाजूंनी घेरून असतो, त्यामुळे निवाडा चुकतो. आणि गडद पट्ट्याची जाड कडा पुढे अंतिम रंगाखालूनही उमटते, तिरक्या उजेडात तर चौकोनच्या चौकोन दिसतो. भिंतीवर पट्टा मारून झालाच असेल तर कडा १८० नंबरच्या पेपरने घासून सपाट करा आणि मगच पुढचं काम सुरू करा.

ओल्या रंगावरून काहीही ठरवू नका. पाण्याच्या इमल्शनमधले बाइंडरचे, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या द्रव्याचे, कण ओले असताना उजेड विखुरतात, म्हणून रंग दुधाळ आणि फिका दिसतो. पाणी उडालं की हे कण एकमेकांत मिसळून पारदर्शक होतात आणि रंग खाली उतरतो. हा फरक गडद रंगांतच सगळ्यात ठळक असतो. २४ तासांनी बघा.

आणखी एक: नमुन्याचा छोटा डबा बऱ्याचदा एकाच फिनिशमध्ये, म्हणजे चकाकीच्या एकाच पातळीत, मिळतो, तो तुम्ही निवडलेल्या फिनिशचा असेलच असं नाही. विचारून घ्या. का, ते खाली फिनिशच्या प्रश्नात आहे.

नमुने शेजारी शेजारी ठेवून बघायचे की वेगवेगळे?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामासाठी. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दोन रंग शेजारी ठेवले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो: निळसर आणखी निळा होतो, तपकिरी आणखी तपकिरी. फरक शोधायला ही चांगली सोय आहे, निवड करायला मात्र नाही. भिंतीला एकच रंग लागणार आहे आणि दुसरा त्याच्या शेजारी कधीच असणार नाही.

म्हणून पहिल्या दिवशी शेजारी ठेवून झाक ओळखा. नंतर एक पुठ्ठा कपाटात ठेवा आणि दुसरा भिंतीला टेपने लावा, उभा, डोळ्यांच्या उंचीवर. टेबलावर आडवा ठेवलेला पुठ्ठा छताचा उजेड थेट घेतो आणि भिंतीपेक्षा उजळ दिसतो, तसा ठेवू नका. दोन दिवस तो एकटाच राहू द्या, येता-जाता नजर पडू द्या. मग अदलाबदल करा. एकटा असताना ज्याच्याकडे बघून ‘हा जरा निळाच आहे’ किंवा ‘हा मळकट आहे’ असं पुन्हा पुन्हा मनात येतं, तो बाद. जो नुसता ‘गडद’ वाटतो आणि नजरेत खुपत नाही, तो तुमचा.

भोवतीचा जुना रंग फार भडक असेल तर मध्यम राखाडी कागदाला तीन सेंटीमीटरचं भोक पाडा आणि एक डोळा मिटून त्यातून पुठ्ठा बघा. भोवतालचा रंग झाकला जातो.

दिवसाच्या कुठल्या वेळी बघायचं?

सकाळी, भर दुपारी, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी आणि रात्री दिवे लावून. चारही वेळा बघणं जमणार नसेल तर ज्या वेळी ती खोली सगळ्यात जास्त वापरली जाते ती वेळ पकडा. झोपण्याच्या खोलीचा रंग दुपारी बारा वाजता ठरवून उपयोग नाही.

जिथे थेट ऊन कधीच येत नाही त्या खोलीत आकाशाचा निळसर उजेड असतो. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडच्या खिडक्या वर्षाचा बहुतेक काळ अशा असतात. तिथे निळी झाक आणखी निळी होते, आणि थोडी तपकिरी किंवा लालसर झाक असलेला रंग समतोल दिसतो. पश्चिमेच्या खिडकीत संध्याकाळी सगळंच नारिंगी होतं. लालसर गडद रंग तेव्हा तापलेला वाटतो आणि निळसर रंग निवून राखाडी दिसतो.

नमुना एकाच भिंतीवर लावू नका. खिडकीसमोरची भिंत आणि खिडकीला लागून असलेली भिंत, दोन्हीकडे बघा. खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत दिवसा नेहमी सगळ्यात काळी दिसते, कारण तिच्यावर थेट उजेड पडत नाही आणि शेजारच्या प्रखर खिडकीने डोळा दिपलेला असतो. दोनपैकी जास्त गडद रंगातली झाक तिथे पूर्ण बुडते.

दिवसा एक रंग आवडतो आणि रात्री दुसरा. असं का होतं?

दोन कारणं. पहिलं दिव्याचं: २७०० केल्विनचा दिवा पिवळसर असतो, ४००० चा पांढरा, ६५०० चा निळसर. पिवळसर दिव्यात निळी झाक मरते आणि तपकिरी, लाल वर येते. म्हणून गडद निळा रात्री कोळशासारखा दिसतो. दुसरं कारण दोन रंगांच्या घडणीतच असतं. वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून जवळजवळ एकच रंग बनवता येतो. असे दोन रंग एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्यात फाकतात. याला मेटामेरिझम म्हणतात. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग घरी वेगळे पडतात ते यामुळेच.

उपाय रंगात शोधण्याआधी दिव्यात शोधा. ज्या खोलीत गडद रंग लागणार आहे तिथले सगळे दिवे एकाच केल्विनचे करा. सीआरआय, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा, ९० किंवा अधिक असलेले घ्या; सर्वसाधारण एलईडी ८० च्या आसपासचे असतात आणि त्यांत खोल लाल, तपकिरी रंग मेलेले दिसतात. दिवे आधी बदला आणि मग नमुना बघा. उलट क्रमाने केलं तर सगळी परीक्षा पुन्हा करावी लागेल.

फार मंद उजेडात डोळ्याची लालची जाण आधी कमी होते आणि निळ्या-हिरव्याची टिकून राहते. त्यामुळे जिन्यात किंवा बोळात गडद मरून थेट काळा वाटतो, आणि तितकाच गडद निळा-हिरवा थोडा जिवंत राहतो.

फिनिशमुळे रंग खरंच बदलतो का?

बदलतो, आणि गडद रंगात सगळ्यात जास्त. रंगाच्या थराचा वरचा पृष्ठभाग समोरून पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के उजेड आत न घेताच परत फेकतो, मग रंग कुठलाही असो. पांढऱ्या भिंतीत, जिथे ८५ टक्के परत येतात, तिथे हे ४ टक्के कुणाला कळत नाहीत. ५ टक्के परत फेकणाऱ्या गडद भिंतीत मात्र ते रंगाच्या बरोबरीचे होतात. मॅट पृष्ठभाग हा उजेड चहूकडे विखुरतो. रंगावर पांढुरकं धुकं आल्यासारखं होतं आणि रंग फिका, भुकटीसारखा दिसतो. चकचकीत पृष्ठभाग तो एकाच दिशेला फेकतो, त्यामुळे इतर सगळ्या बाजूंनी रंग खोल आणि भरलेला दिसतो, आणि त्या एका दिशेने दिव्याचा डाग.

याचा व्यवहारातला अर्थ असा की दोन रंगांतला फरक फिनिशने भरून निघू शकतो किंवा दुप्पट होऊ शकतो. थोडा फिका वाटणारा रंग सॅटिनमध्ये, म्हणजे मॅट आणि चकचकीत यांच्या मधल्या फिनिशमध्ये, घेतला तर मॅटमधल्या जास्त गडद रंगाइतका खोल दिसू शकतो. फिनिश आधी पक्कं करा, रंग नंतर.

आमचा कल असा: भिंत सरळ नसेल, पुट्टीचे उंचवटे असतील तर मॅट, कारण गडद आणि चकचकीत हे मिश्रण प्रत्येक लाट उघडी पाडतं. जिथे हात लागतात, मुलं टेकतात, तिथे एगशेल (मॅटहून किंचित चकाकणारं) किंवा हलका सॅटिन.

फरशी, लाकूड, सोफा यांच्याशी कसं जुळवायचं?

पुठ्ठा नेऊन त्यांना टेकवा. तांबूस-नारिंगी लाकडाशेजारी निळसर गडद रंग ठेवला की लाकूड आणखी नारिंगी होतं. निळा आणि नारिंगी एकमेकांना चढवतात. ते हवं असेल तर उत्तमच. लाकूड शांत राहावं असं वाटत असेल तर तपकिरी किंवा हिरवट झाकेचा रंग घ्या. राखाडी फरशीचीही झाक बघा. निळसर राखाडी फरशी आणि हिरवट गडद भिंत एकत्र आली की दोन्ही मळकट दिसतात.

गडद भिंतीवर पांढरे स्विचबोर्ड दिसतात तितके दुसऱ्या कुठल्याच भिंतीवर दिसत नाहीत. ते बदलायचे असतील तर त्यांचा खर्च आधीच मोजा.

फोनवर फोटो काढून ठरवलं तर?

फोटोवर झाक ठरवू नका. फोन गडद भाग आपोआप उजळतो आणि पांढऱ्याचा समतोलही स्वतःच बदलतो. एकच भिंत सलग दोन फोटोंत निळी आणि तपकिरी येऊ शकते. एक उपयोग मात्र आहे: दोन्ही पुठ्ठे एकाच फोटोत घ्या आणि फोटो कृष्णधवल करा. कुठला जास्त गडद तेवढं बऱ्यापैकी कळतं, झाकेचा गोंधळ मध्ये येत नाही.

खोली लहान आहे. दोनपैकी कमी गडद रंगच घ्यावा का?

तशी गरज नाही. फार गडद रंगात भिंतींचे कोपरे दिसेनासे होतात आणि खोली नेमकी कुठे संपते ते डोळ्याला ठरवता येत नाही. मधला, धड गडद नाही धड फिका नाही असा रंग उलट भिंती जवळ आणतो. लहान खोलीत अडचण येते ती उजेडाची. भिंती उजेड परत देत नाहीत, म्हणून छतावरच्या एका दिव्याने भागत नाही. भिंतीकडे तोंड केलेले दोन-तीन दिवे द्या, नाहीतर दोन्हींपैकी कुठलाही रंग लावा, नुसता अंधार दिसेल.

एकच भिंत गडद करायची की चारही? त्याने निवड बदलते का?

बदलते. एकच भिंत असेल तर इतर फिक्या भिंतींवरून तिला भरपूर उजेड मिळतो, झाक उठून दिसते आणि शेजारच्या पांढऱ्यामुळे ती जास्त काळीही वाटते. अशा वेळी किंचित उजळ आणि झाक आवडती असलेला रंग घ्या. चारही भिंती गडद असतील तर तुलनेला पांढरं फारसं उरत नाही, डोळा रुळतो आणि रंग दहा-पंधरा मिनिटांत सौम्य वाटू लागतो. तिथे जास्त गडद रंग निर्धास्त चालतो. झाक मात्र कमी असलेला निवडा, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात आणि झाक वाढते.

एक रंग थोडा जास्तच गडद वाटतो. तोच ‘पाऊण’, म्हणजे रंगद्रव्य पाऊणपट घालून, करून घेता येईल का?

फिक्या रंगात येतो, गडदमध्ये फसतो. गडद रंग डीप किंवा क्लिअर बेसमध्ये, म्हणजे रंगद्रव्य घालण्याआधीच्या मूळ पेंटमध्ये, बनतात. या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे रंगाला पांढरेपणा आणि झाकण्याची ताकद देणारं द्रव्य, जवळजवळ नसतं. रंगद्रव्य कमी केलं की रंग फिका होत नाही, पातळ होतो: छटा जवळपास तीच, पण खालची भिंत दिसते आणि दोनऐवजी चार हात द्यावे लागतात. उजळ हवा असेल तर शेडकार्डवरची त्याच झाकेची वरची शेड मागा.

दोन्ही रंग निम्मे निम्मे मिसळूनही चालतं, फक्त फिनिश आणि बनावट एकच हवी. अडचण पुढची: तो रंग पुन्हा तंतोतंत बनवणं अवघड. टच-अपसाठी लिटरभर बाजूला ठेवलात तरच हा मार्ग घ्या.

आवडलेली शेड दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर बनवून घेतली तर चालेल?

चालेल, पण ती तिसरी शेड झाली असं समजा. रंगद्रव्य वेगळी, बेस वेगळा, फिनिशची चकाकीही वेगळी. दोन सारख्या रंगांमधला जो फरक तुम्ही इतके दिवस तपासला, तेवढाच फरक इथे नकळत येऊ शकतो. नव्या डब्यातून पुठ्ठा पुन्हा रंगवा.

किती हात लागतील आणि किती रंग आणायचा?

पांढऱ्या किंवा फिक्या भिंतीवर गडद रंग दोन हातांत क्वचितच भरतो, बेसचं कारण वर दिलंच आहे. राखाडी रंगवलेला प्राइमर एक हात मारला तर दोन हातांत काम होतं. पांढऱ्या प्राइमरवर तीन धरा. लाल किंवा मरून झाकेचे रंग सगळ्यात हट्टी असतात.

हिशेबाला एका लिटरमध्ये एका हाताचे १० चौरस मीटर धरा. ४ मीटर लांब आणि २.७५ मीटर उंच भिंत ११ चौरस मीटरची होते. दोन हातांना २.२ लिटर, तीन हातांना ३.३ लिटर. ३ बाय ४ मीटरच्या पूर्ण खोलीत, एक दार आणि एक खिडकी वजा करून, सुमारे ३५ चौरस मीटर भरतात. दोन हातांना ७ लिटर, तीन हातांना साडेदहा. सगळा रंग एकाच वेळी घ्या आणि सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. दोन डब्यांतला किरकोळ फरक फिक्या रंगात खपून जातो, गडद भिंतीच्या मधोमध उभी रेघ होऊन दिसतो.

रंग लावल्यावर पट्टे आणि चौकटी दिसताहेत. रंग चुकीचा निवडला का?

बहुधा रंग बरोबर आहे, लावणं चुकलं आहे. कडा आधी ब्रशने करून ठेवल्या, त्या सुकल्या आणि मग मधला भाग रोलरने केला, तर भिंतीभोवती गडद चौकट उमटते. एका वेळी एकाच भिंतीच्या कडा करा आणि त्या ओल्या असतानाच रोलर कडेजवळ न्या. रोलर साधारण १० मिलिमीटर लवीचा घ्या, नेहमी भरलेला ठेवा, सुकत आलेल्या पट्ट्यावर परत फिरवू नका, आणि शेवटचा फटका सगळीकडे वरून खाली एकाच दिशेने द्या. पंखा बंद ठेवा. भिंत मध्येच सोडून उठू नका. थांबायचं असेल तर कोपऱ्यात थांबा.

छताची रेघ सरळ यावी म्हणून टेप लावल्यावर टेपच्या कडेवर आधी छताचाच पांढरा रंग पातळ मारा. तो फटी बुजवतो, गडद रंग खाली झिरपत नाही. टेप शेवटच्या हातानंतर लगेच, तिरकी ओढून काढा.

हाताचे डाग आणि पांढरे ओरखडे कुठल्या रंगात कमी दिसतात?

जो थोडा उजळ आणि तपकिरी-राखाडी झाकेचा असेल त्यात. अगदी काळपट मॅटवर नखाचा ओरखडाही पांढरा उमटतो, कारण मॅट रंगातली पांढरी भुकटीसारखी भरण उघडी पडते. घासून पुसलं तर तेवढा भाग चकाकतो आणि तो डाग जात नाही. ओल्या मऊ कापडाने टिपा, घासू नका. नवा रंग पूर्ण पक्का व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, गडद रंगाला थोडे जास्तच. तोवर पुसूच नका आणि फर्निचर भिंतीला टेकवू नका.

टच-अप गडद रंगात लपत नाही. छोटा खड्डा असेल तर बारीक ब्रशने फक्त तेवढाच भरा. तळहाताएवढा भाग असेल तर पूर्ण भिंत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पुन्हा करा.

न्हाणीघरात किंवा ओलसर भिंतीवर चालेल का?

भिंतीत ओल असेल तर आधी ओल थांबवा. क्षारांचे पांढरे फुलोरे गडद रंगावर सगळ्यात आधी दिसतात. न्हाणीघरात रंग लावल्यावर काही दिवसांतच वाफ जमली तर रंगातली विरघळणारी द्रव्यं बाहेर येतात आणि चिकट, चकाकते ओघळ दिसतात. गडद रंगात रंगद्रव्य जास्त असल्याने हे जास्त होतं. ओघळ पाण्याने निघतात. शक्य असेल तर पहिले सात दिवस तिथे गरम पाण्याने आंघोळ टाळा.

बाहेरच्या भिंतीसाठी निवड वेगळी असते का?

हो. बाहेर उन्हात प्रत्येक रंग दोन-तीन पायऱ्या फिका दिसतो, म्हणून दोनपैकी जास्त गडद तिथे ‘बरोबर’ वाटतो. पण गडद रंग ऊन शोषून तापतो, भिंत फुगते-आक्रसते आणि बारीक तडे वाढतात. बाहेरून उष्णतारोधक थर दिलेल्या भिंतीला अनेक उत्पादक २० ते २५ च्या खालचा एलआरव्ही चालत नाही असं सांगतात. तुमच्या थराची माहिती वाचा. टिकण्याच्या दृष्टीने लेबल पुन्हा बघा: कार्बन ब्लॅक, लोहाचे ऑक्साइड आणि थॅलो निळा-हिरवा उन्हात टिकतात. काही सेंद्रिय लाल, पिवळी द्रव्यं लवकर उडतात आणि मग झाकच बदलते.

सगळं करूनही दोन्ही सारखेच आवडतात. आता?

मग खोली ठरवू द्या. ऊन न येणाऱ्या खोलीत उबदार झाकेचा घ्या, भरपूर ऊन असलेल्या खोलीत थंड झाकेचा. दोन्हींची झाक एकच असेल तर भिंत एकच असल्यास उजळ आणि चारही असल्यास गडद. हात लागणारी जागा असेल तर नेहमी उजळ. दोन खोल्या एकमेकींतून दिसत असतील तर दोन्ही शेड वापरू नका. दाराच्या चौकटीतून दोन्ही भिंती एकत्र दिसल्या की चुकून वेगळा डबा लागल्यासारखं वाटतं.

पुढे कंटाळा आला तर पुन्हा फिका रंग लावता येतो का?

येतो, आणि वाटतं तितकं अवघड नाही. भिंत १८० च्या पेपरने हलकी घासा, धूळ पुसा, झाकण्याची ताकद जास्त असलेला पांढरा प्राइमर एक हात मारा, मग फिक्या रंगाचे दोन हात. गडद रंग सॅटिन किंवा चकचकीत असेल तर घासणं टाळू नका, नाहीतर नव्या रंगाचे पोपडे सुटतात. लाल आणि मरून झाक प्राइमरमधून गुलाबी होऊन वर येऊ शकते. तसं दिसलं तर डाग रोखणाऱ्या प्राइमरचा आणखी एक हात द्या आणि तो पूर्ण सुकल्यावरच पुढे जा.